फरीदा मॅडमचा शंकरपाळा

फरीदा मॅडम गेल्याचं मला तीन आठवड्यांनी कळलं. लेकीला घेऊन भेटायला जायचं म्हणून मिरजेच्या दवाखान्यात फोन लावला होता. "मॅडम नाहीत आता..." पलीकडची बाई म्हणाली, आणि मी वेड्यासारखं विचारलं, "मग कधी येतील?"

सहा वर्षांपूर्वी, एकोणचाळिसाव्या वर्षी मला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाठवलं. या वयात बाळात उपजत दोष असण्याचा धोका वाढतो, तो समजावून सांगणं हे त्यांचं काम. मॅडमचं घराणं तंबोरे करणाऱ्यांचं. वडिलांसारखीच कानावर पेन्सिल. मोठा कागद पसरून त्या अख्खं घर मांडायच्या. बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन, गेलेल्यावर तिरकी रेघ. पोटातल्या बाळाला शंकरपाळ्यासारखी खूण. मी भीती विसरून बघतच बसले. "मुलगा की मुलगी, ते मी सांगणार नाही, तुम्ही विचारायचं नाही. जन्मलं की कागद घेऊन या, मी स्वतः बदलून देईन."

"नात्यात लग्न झालंय?"

"छे हो!" मी ठणकावून सांगितलं. आडनाव वेगळं, गाव वेगळं.

त्यांनी शेजारी बसलेल्या माझ्या सासूबाईंकडे बघितलं. "लग्नाआधी यांना काय म्हणायचात?"

"आत्या."

मॅडम खो खो हसल्या आणि आम्हा नवरा-बायकोतल्या एका रेघेच्या दोन केल्या, नात्यातल्या लग्नाची ती खूण. आमच्याकडे आत्याच्या घरी पोरगी देणं म्हणजे घरातल्या घरात, त्याला कोण नातं म्हणतंय! दोघांत एकच दोष दडलेला असू शकतो, हे मी शाळेत विज्ञान शिकवत असूनही मला सुचलं नव्हतं.

मग आत्यांची पाळी. "मुलं किती तुम्हाला?"

"ह्यो एकच." मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली नाही. आत्या पदराशी चाळा करत राहिल्या... "एक पोरगी हुती. मान धरली न्हाई तिनं. दीड वर्साची हून गेली."

"नाव काय तिचं?"

आत्यांना रडूच फुटलं. "सुमन. कुणी इचारलंच न्हाई ओ कवा."

माझ्या नवऱ्याच्या चौकोनाशेजारी एक गोल आला, त्यावर तिरकी रेघ, खाली नाव.

तपासण्या करायच्या की नाही, हे मॅडमनी आमच्यावरच सोडलं. मला रागच आला होता तेव्हा. शेवटी दोघांचं रक्त दिलं, गर्भाभोवतीचं पाणीही. रिपोर्ट येईपर्यंत मी पोटावर हात ठेवायलासुद्धा घाबरत होते. रिपोर्ट चांगला आला, मुलगी झाली, आणि मिरजेला जाऊ जाऊ म्हणत पाच वर्षं गेली. लाज वाटते मला.

परवा कागद काढला. "यात मी कुठंय?" लेकीनं विचारलं. मी शंकरपाळा दाखवला, पेन्सिल घेतली, पण हात उठेना. आत्यांनी ती माझ्याकडून काढून घेतली. आयुष्यात पेन्सिल धरलेली नाही. त्यांनी हातातली बांगडी उतरवून कागदावर ठेवली आणि कडेकडेनं रेघ फिरवली. बांगडी मोठी. गोलात शंकरपाळा आला, आणि वरची सुमनही.