माझ्या सैन्याची माघार

मी अकरा वर्षं एका सैन्याचा इतिहास लिहीत होते. ते सैन्य अस्तित्वात नव्हतं.

तिरीट नावाचा ग्रह, त्याचे पाच चंद्र आणि त्यांवर लढणारी गगनसेना, सगळं मीच रचलेलं. कॉलेजच्या लायब्ररीतली नोकरी सांभाळून चार जाड रजिस्टरं भरली. बाबांनी एकदाच विचारलं, "काय लिवून राहिली वं?"

"सैन्याचा इतिहास."

"वा!" म्हणाले आणि चहा घेऊन गेले. (कोणतं सैन्य, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मला ते 'वा' हवं होतं!)

बाबांनी ती बातमी अमरावतीभर केली. मग दर्यापूरहून मामांचा फोन! "शनिवारी माजी सैनिकांचा मेळावा हाये. तुह्या हातानं सत्कार, अन् मंग तुहं भाषण."

"मामा, माझं सैन्य तसलं नाही हो!"

"सैन्य म्हंजे सैन्य! नखरे करू नको."

बाबांनी ठेवणीतला सफारी काढला. एसटीत कंडक्टरलाही सांगितलं, "माही पोरगी सैन्याचा इतिहास लिवते." त्यानं उठून मला सलाम ठोकला! तेव्हाच खाली उतरायला हवं होतं.

सभागृहात पहिल्या रांगेत एक निवृत्त सुभेदार बसले होते. एक पाय कृत्रिम. मी माईकपाशी जाताच त्यांनी विचारलं, "ताई, कोनत्या लढाईवर लिवलं?"

खोटं बोलता आलं असतं. पण समोर बाबा मोबाईलवर व्हिडिओ काढत होते, आणि माझी जीभ घसरली. "तिरीटच्या तिसऱ्या चंद्रावरची माघार."

"हे कुठी आलं?"

"इथून चौदा प्रकाशवर्षं."

मागून कुणीतरी ओरडलं, "एसटी जाते काय तिथी?"

सभागृहात हशा पिकला! मामांनी माईक हिसकावला, "ताईची तब्येत बरी नाही!" बाबांचा मोबाईल हळूहळू खाली आला. (व्हिडिओ चालूच राहिला. आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात तो आता दाखवतात.)

सुभेदार तेवढे हसले नाहीत. उठून काठी आपटत त्यांनी सगळ्यांना गप्प केलं. "ताई, माघारीत किती लोकं होते?"

"तीन हजार."

"किती दिवस?"

"चाळीस."

"मंग खाल्लं काय त्याहिनं?"

गणवेशाची बटणं लिहिली होती, सलामाचे सात प्रकार लिहिले होते. अकरा वर्षांत माझं एकही माणूस जेवलं नव्हतं!

"आमी तीन दिवस बर्फ चघळला," सुभेदार म्हणाले. "मले तेवढंच आठवते. लढाई नाही आठवत." आणि खाली बसले.

परतीच्या एसटीत बाबा खिडकीकडे तोंड करून बसले. अमरावती येईपर्यंत एकच वाक्य बोलले. "मले सांगतलं असतं, त मी कोनाले सांगतलं नसतं."

हल्ली कुणी माझ्याबद्दल विचारलं तर ते म्हणतात, "लायब्ररीत असते." 'वा' पुन्हा मिळालं नाही.

गेल्या रविवारी मी माघारीचं प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं. म्हटलं, आधी तीन हजार माणसांना पिठलं घालू. पण मला घरच्या चौघांचंही गुठळ्यांशिवाय जमत नाही. सैन्य अजून उपाशीच आहे!