देखाव्यात नसलेल्या काकू

अण्णांचा धंदा देखाव्यांच्या फोटोंचा. कॅलेंडरवाले, हॉटेलवाले, दवाखानेवाले, सगळ्यांच्या भिंतींवर त्यांचेच धबधबे. पण त्या फोटोंत माणूस औषधालाही सापडायचा नाही. हा धडा त्यांनी गुरूंकडून घेतला होता आणि गुरूंनी गोऱ्या साहेबाच्या फोटोग्राफरकडून. साहेबाला अरण्य हवं असे ते कोरं, माणसाचा वाराही न लागलेलं. तिथे गाव होतं, पाणवठा होता, पायवाटा होत्या. पण रिकामी दिसली की जमीन घ्यायला बरी! साहेब गेला, खोड मागे राहिली.

युक्ती सोपी होती. भिंगाचं तोंड बारीक करायचं आणि शटर बराच वेळ उघडं ठेवायचं. झाड जागचं हलत नाही, ते उमटतं; चालणारा माणूस उमटतच नाही. म्हणून सोबत आलेल्या बायकोला, म्हणजे अख्ख्या गल्लीच्या काकूंना, अण्णांचं एकच सांगणं असे, "अगं, थांबू नकोस, चालत राहा." काकू खांद्यावरचा जड स्टँड उतरवून द्यायच्या आणि समोरच्या झाडीत रानभाजी शोधत फिरत राहायच्या. उभा जन्म फिरल्या बिचाऱ्या.

मुलीनं नवं घर घेतलं आणि तिला भिंतीवर आईचा तरुणपणीचा फोटो हवा झाला. लग्नातला एक होता, त्यात मान खाली. अण्णांनी खोकीच्या खोकी उपसली. काकू फोटोंवर बोट ठेवून सांगू लागल्या, "इथे मी होते. इथेही होते. आणि इथे तर पाय मुरगळला होता माझा." बोटाखाली नुसती झाडं.

"फोटोवाल्याची बायको ना गं तू?" मुलगी म्हणाली.

"म्हणून तर!" काकू हसल्या. ते हसणं अण्णांना फार लागलं.

रविवारी ते काकूंना घेऊन टेकडीवर गेले. अण्णांनी शटरला हात लावला मात्र, काकू चालायला लागल्या.

"अगं, थांब! आज थांबायचंय."

"सवय हो, दुसरं काय." काकू दगडावर टेकल्या. "आणि आता पिकल्या केसांचा काढणार होय?"

"जवळून काढणार," म्हणत अण्णांनी स्टँड उचलून पुढे आणला.

फोटो मुलीच्या भिंतीवर लागला, तेव्हा काकूंनी चष्मा पुसून तो नीट पाहिला. "अहो, डोंगर अर्धा कापला गेला की!"

"जाऊ दे," अण्णा म्हणाले. "तो कुठे माझ्याबरोबर चढ चढला होता?"