गुरुवारी घरी जेवायचं नाही

उद्धवकाकांबद्दल सांगायचं तर वडापावच्या गाडीपासून सुरुवात करावी लागेल. त्या संध्याकाळी आम्ही चौदा माणसं आपापल्या घराला कुलूप लावून मोशीच्या चौकात उपाशी उभी होतो. आमचं घर तिथून चालत पाच मिनिटांवर होतं.

झालं होतं असं. आमच्या महाराजांचा मठ खेडच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. मोशी, चऱ्होली, चाकण मिळून त्यांना मानणारी आमची तेवीस घरं. सगळी पोटासाठी बाहेरून आलेली. आम्ही लातूरचे, कुणी जालन्याचे, कुणी साताऱ्याचे. दर महिन्याला मठात भेटायचो, पण एकमेकांची नावंसुद्धा धड माहीत नव्हती. एकदा महाराज पायरीवर उभे राहून म्हणाले, "गुरुवारी कुणी आपल्या घरी जेवायचं नाही. गुरुबंधूच्या घरी जेवायचं." एवढं बोलले आणि आत गेले. महाराजांचं हे असंच. ते अर्धं सांगतात, उरलेलं निस्तरायला आम्ही आहोतच.

पुढच्या गुरुवारी तेवीसच्या तेवीस घरांनी गॅस बंद ठेवला आणि सगळी दुसऱ्याकडे जेवायला निघाली. आम्ही स्कूटरवरून चऱ्होलीला सयाजीकडे गेलो, तर कुलूप. सयाजी बायकोला घेऊन चाकणला तनुजाकडे गेलेला, तर तिथे कुलूप. आणि तनुजा नवऱ्याला नि लेकीला घेऊन आमच्या कुलपासमोर उभी. सगळेच पाहुणे झाले तर वाढणार कोण, हे शिकल्यासवरल्या माणसांत एकाच्याही डोक्यात आलं नाही. आमचे हे, नाव दिग्विजय, पण आवाज कसा तो निघत नाही, हळूच म्हणाले, "आपण घरी जाऊन खिचडी टाकूया का?" म्हटलं, महाराजांचा शब्द पहिल्याच आठवड्यात मोडता? 

फोनाफोनी करून शेवटी चौदाजण चौकातल्या गाडीवर जमलो. तिथे नवाच वाद निघाला, की गाडीवाला गुरुबंधू नसेल तर हे जेवण नियमात बसतं का. गाडीवाल्याला विचारलं, बाबा, होतोस का आमच्या महाराजांचा? तो म्हणाला, "हो म्हणालो तर पैसे देणार का नाही, ते आधी सांगा." असल्या गोंधळात एक उंच, थोडे वाकलेले गृहस्थ कागदावर पेन्सिलीने रेघा मारत उभे होते. आमच्याच बिल्डिंगचा तिसरा मजला. तेही महाराजांनाच मानणारे, पण चार वर्षांत आमची त्यांची ओळख जिन्यापुरती नि मठापुरती. ते म्हणाले, "निम्मे यजमान, त्यांना घरी जेवायची सूट. निम्मे पाहुणे. पुढच्या महिन्यात उलट. साधी गोष्ट आहे."

तेच उद्धवकाका. भोसरीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं प्लॅनिंगला होते. कुठला पार्ट कधी कुठल्या मशीनवर जाणार, हे ठरवण्यात जन्म गेला. रिटायर झाले, पाठोपाठ काकू गेल्या, मुलगा निरंजन हैदराबादला. माणसाकडे प्लॅन करायला काही उरलंच नव्हतं. मग आमचे गुरुवार त्यांच्या हाती लागले.

आणि काय चार्ट केला हो. कुणाची फर्स्ट शिफ्ट, कुणाची सेकंड, कुणाला दुपारी जेवायला बोलवायचं, कुणाला संध्याकाळी. एका घरावर चारपेक्षा जास्त पाहुण्यांचा लोड टाकायचा नाही. यजमान आजारी पडला तर त्याला ब्रेकडाउन म्हणायचं. पाहुणा पोचला की यजमानाला काकांचा फोन, "माल वेळेवर पोचला का?" एकदा आमचे हे माल होते आणि मीठ कमी म्हणून भाजी ताटात टाकून आले, तर शुक्रवारी सकाळी काका आमच्या दारात. म्हणे, रिजेक्शन कशामुळे? मी यांच्याकडे असं बघितलं की तेव्हापासून हे ताट चाटून पुसून ठेवतात.

काकांनी स्वतःचे दोन नियमही घातले. एक, ज्या घरी जेवाल ते घर नीट बघून यायचं. नळ गळतोय का, म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्या संपल्यात का, पोराचा कॉलेजचा फॉर्म अडलाय का. ते काकांना कळवायचं, मग काका कुणालातरी कामाला लावायचे. दुसरा, वाढलेलं ताट जेवणाऱ्यावाचून रिकामं ठेवायचं नाही आणि गुरुवारी दारातून कुणाला उपाशी पाठवायचं नाही. तळमजल्यावरचे रिक्षावाले भीमराजभाऊ तर महाराजांचे नाहीतच, ते बौद्ध. पण दर गुरुवारी आमच्यापैकी कुणाला तरी सोडायला जातात आणि प्रत्येक दारात त्यांना ओढून बसवतात. त्यांच्या बायकोने, कस्तुराबाईने, गुरुवारचा त्यांचा डबाच बंद केला. "ताई, मी तुमच्यात नाही," ते मला म्हणतात, "पण घरी जेवायची बंदी मलाच कडक लागलीय."

अशी दोन वर्षं गेली. तेवीस घरांत कुणाला काय दुखतंय ते तेवीस घरांना कळायला लागलं. मी कुणाच्या गळ्यात पडणारी बाई नाही, पण खरं सांगते, या गावात आल्यापासून पहिल्यांदा मला इथं आपलं कुणीतरी आहे असं वाटलं.

आणि मग एप्रिलात एका बुधवारी काका जिन्यात म्हणाले, "निरंजन येतोय. मला कायमचं हैदराबादला न्यायचं म्हणतो. म्हणतो, बाबा, पडलात-झडलात तर तिथं तुमचं कोण आहे?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार. त्याचं चूक नाही. जावं लागेल बहुतेक."

मला इतका राग आला, की डब्याच्या पोळ्या लाटायच्या होत्या त्या सगळ्या वाकड्या झाल्या. मी कंपनीतल्या पोरांना डबे देते, चाळीस. त्या दिवशी चाळीस पोरांनी वाकड्या पोळ्या खाल्ल्या. काका गेले तर तेवीस घरांना परत तेवीस कुलपं, हे मला स्वच्छ दिसत होतं. पण दुसऱ्याच्या पोराला मी काय म्हणून अडवणार?

निरंजन दुसऱ्याच दिवशी आला. म्हणजे गुरुवारी. आता पुढचं भीमराजभाऊंनी सांगितलेलं.

भर बारा वाजता निरंजन बॅग घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेला, तर कुलूप. दारावर चिठ्ठी, 'गुरुवार. सयाजीकडे, चऱ्होली, साडेबारा.' फोन लावला तर एंगेज. गुरुवारी काकांचा फोन दिवसभर एंगेजच असतो, सगळी सूत्रं तिथून हलतात. भीमराजभाऊ म्हणाले, "बसा रिक्षात, नेतो."

चऱ्होलीला पोचले तर सयाजी दारात. "उद्धवकाका आत्ताच गेले राव. चाकणला तनुजाताईंचा पाहुणा आला नाही, ताट रिकामं राहील म्हणून स्वतः धावले. पण आता इथलं त्यांचं ताट रिकामं राहिलंय. बसा." निरंजन म्हणाला, मला भूक नाही. सयाजीने ताटाकडे बोट दाखवलं आणि दारात उभा राहिला. सयाजी कंपनीत प्रेस शॉपला, पत्रा ठोकायच्या खात्यात आहे, दार भरून उभा राहतो. निरंजन जेवला. भीमराजभाऊही जेवले.

वाढता वाढता सयाजीची बायको रुपाली म्हणाली, "काकांचा पाय आता बरा आहे ना हो?"

"कुठला पाय?"

मग कळलं. फेब्रुवारीत काका बाथरूममध्ये पडले होते. सयाजीने आणि आमच्या ह्यांनी त्यांना खुर्चीत बसवून तीन मजले खाली आणलं. पाच आठवडे प्लास्टर. सकाळी कोण, दुपारी कोण, रात्री कोण, त्याचाही चार्ट. तो चार्ट काकांनी प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून स्वतःच केला होता. व्हिडिओ कॉलवर निरंजनला नुसता चेहरा दिसायचा. चेहऱ्याला काही झालं नव्हतं.

निरंजन परत रिक्षात बसला. चाकणला जायचा रस्ता मोशीवरूनच, म्हणजे माझ्या दारावरूनच गेले. त्यात चाकणच्या चौकात कांद्याचे ट्रक आणि कंपन्यांच्या बसेस एकमेकांत अडकलेल्या. तनुजाकडे पोचायला तीन वाजले.

तनुजा म्हणाली, "अय्या, काका गेले की. आमचा पाहुणा ट्रॅफिकमध्ये अडकला होता, तो उशिरा का होईना आला. तेवढ्यात विजयश्रीताईंकडचे पाहुणे आबाजी कंपनीत मशीन बंद पडल्यामुळे अडकले, म्हणून काका तिकडे. पण मी त्यांचं पान वाढून ठेवलं होतं, ते तसंच आहे. बसा."

"वहिनी, मी आत्ताच जेवलोय."

"ते चऱ्होलीचं. हे चाकणचं."

निरंजन दुसऱ्यांदा जेवला. भीमराजभाऊही. तनुजाने वाढताना वाटी मागे घेतली. "मेथी तुम्हाला चालते ना? काकांना नाही चालत. काकू गेल्या त्या दिवशी सकाळी त्यांनी मेथीची भाजी केली होती म्हणे. तेव्हापासून काका तिला हात लावत नाहीत. आम्ही कुणीच गुरुवारी मेथी करत नाही, आज माझ्या सासूबाईंनी चुकून केली." भीमराजभाऊ मला नंतर म्हणाले, "ताई, त्या पोराने ती वाटी घेतली आणि बराच वेळ नुसतीच हातात धरली."

विजयश्रीताई म्हणजे मीच, तेव्हा साडेचारला दोघं माझ्या दारात. आत काका पाटावर बसलेले, पुढे ताट, पहिला घास हातात. सकाळपासून तीन घरं फिरून माणसाच्या पोटात कण नव्हता. निरंजनला बघून तो घास तसाच राहिला.

मी निरंजनचं पान मांडलं. तो म्हणाला, "ताई, मला फक्त पाणी द्या." म्हटलं, गुरुवारी माझ्या दारातून उपाशी कुणी जात नाही. "उपाशी?" तो म्हणाला, आणि भिंतीला टेकून बसला. बसल्यावर पँटचा बेल्ट एक घर सैल केला. भांडायला आलेला माणूस, पण इतका जेवलेला की आवाज चढवायचा म्हटलं तर ढेकर येत होता.

"पाय मोडला तुमचा," तो म्हणाला. "मला का नाही सांगितलं?"

काकांनी हातातला घास ताटात ठेवला.

"मेथीचं का नाही सांगितलं? ज्या लोकांना मी ओळखत नाही त्यांना तुमचं सगळं ठाऊक. मी विचारत होतो, तिथं तुमचं कोण आहे. इथं तेवीस घरं आहेत बाबा. त्या चार्टात मीच नाही."

त्याचे डोळे भरले आणि माझे पण. पण मला राग आला की तो आधी बाहेर पडतो. म्हटलं, "उद्धवकाका, हे मात्र चुकलं तुमचं. एवढा मोठा पाय, आणि पोराला नुसतं तोंड दाखवायचं? आणि निरंजन, तूही ऐक. गेल्या दिवाळीत चार दिवस आलास, त्यातले तीन लॅपटॉपवर होतास." आमचे हे मला खुणेने थांब म्हणत होते. मी थांबले, पण सगळं बोलून झाल्यावर.

निरंजनने काकांची चार्टाची वही आणि तिच्यातली पेन्सिल ओढली. "घाला मला चार्टात. मीच लिहितो. यजमान निरंजन, हैदराबाद. महिन्यातला एक गुरुवार. जेवायला या माझ्याकडे. कायमचं नाही म्हणत मी आता. एक गुरुवार या." आणि त्याने लिहिलंसुद्धा.

काकांनी चष्मा लावला. ते पान प्लॅनिंगवाल्याच्या नजरेने वरून खाली वाचलं, मग खोडरबर घेतलं आणि ती ओळ पुसून टाकली.

निरंजनचं तोंड बघवेना. मला वाटलं, आता हा उठून जाणार.

"हे बसत नाही रे," काका म्हणाले. "गुरुवारी आपल्या घरी जेवायचं नाही."

 निरंजन काकांकडे बघत राहिला. कोपऱ्यात भीमराजभाऊ तिसऱ्या ताटावर होते, त्यांनीसुद्धा चावायचं थांबवलं. मग निरंजनने बापाचा खरकटा हात तसाच आपल्या हातात घेतला आणि मान खाली घालून बसला. मी उठून ताक आणायला आत गेले. ताक बाहेरच ठेवलेलं होतं.

काकांनी पेन्सिल घेऊन वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. "तू दोन तिकिटं काढलीयस ना उद्याची? मग येतो. शुक्रवार ते बुधवार आपल्या घरी. बुधवारी संध्याकाळी परत इथं. महिन्यातून एकदा. हे बसतंय." मग घास तोंडात घातला आणि म्हणाले, "विजयश्री, आमटी गार झाली."

शुक्रवारी ते गेले. जाताना चार्ट माझ्या हातात देऊन बजावलं, ब्रेकडाउन झालं तर घाबरायचं नाही. पाच दिवस मला धड झोप नव्हती. गेलेला माणूस येतोच असं नाही, पोराच्या घरी एसी होता, नातवंडं होती.

बुधवारी संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते, तेव्हा जिन्यात काकांची बॅग वाजली. ती वर चढत गेली तोच निरंजनचा फोन.

"ताई, बाबा वेळेवर पोचले का?"

"पोचले. आत्ताच कुलूप उघडलं."

"उद्या कुणाकडे आहेत ते?"

"सयाजीकडे, चऱ्होलीला."

"त्यांना सांगाल का," तो जरा थांबला, "बाबांना मेथी नको म्हणून. त्यांना चालत नाही."

माहीत आहे रे आम्हाला, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण म्हटलं, सांगू दे त्याला.

"बरं झालं सांगितलंस," मी म्हटलं. "सयाजीला कळवते."