दुसऱ्या ब्रेकवरचा पाय

आमच्या खालच्या मजल्यावरची मास्तरीण शाळेत शिकवत नाही, गाडी शिकवते. तिच्या लाल गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी ब्रेक आणि क्लच आहेत तसे बाजूच्या सीटपुढेही आहेत, आणि गेली वीस वर्षं ती त्या बाजूच्या सीटवर बसते आहे. शिकणारा घाबरण्याआधीच हिचा पाय ब्रेकवर पडलेला असतो. गल्लीत सगळे तिला मास्तरीणच म्हणतात, तिचा नवरासुद्धा. तो लांबच्या बंदरात क्रेन चालवतो. घरात ती, सासूबाई आणि धाकटा दीर.

मागच्या वर्षी तिच्याकडे शिकायला येणारी एक बाई भर चौकात स्टिअरिंगवर डोकं टेकून हमसून हमसून रडू लागली. मास्तरीण म्हणाली, "रडा, पण आधी गाडी बाजूला घ्या. मागे बस आहे." ती बाई पुन्हा आली नाही. हे मास्तरणीच्या मनाला फार लागलं. तिने घरबसल्या शिकायचा मानसिक आरोग्य जागृतीचा अभ्यासक्रम घेतला. पुस्तिका टपालाने येत, आणि शनिवारी एक शिक्षिका फोनवर शंका सोडवत असे. पुस्तिका इंग्रजीत, म्हणून ती संध्याकाळी माझ्याकडे येऊ लागली. मी वाचून मराठीत सांगायची आणि ती भाजी निवडत ऐकायची.

एकदा दुःखी माणसाशी बोलून ते बोलणं फोनवर टिपून पाठवायचं होतं. दुःखी माणूस मी झाले. "मला हल्ली कशातच..." एवढं म्हणते न म्हणते तोच ती म्हणाली, "होईल हो सगळं नीट, मावशी! चहा टाकू का?"

शिक्षिकेचा शेरा आला की तुम्ही समोरच्याला वाक्य पुरं करू देत नाही. मास्तरणीने कपाळाला हात लावला. "कशी करू देणार? दुसऱ्याच्या आधी ब्रेक दाबण्यावर तर माझं पोट आहे!"

एका शुक्रवारी आम्ही धोक्याच्या लक्षणांवर आलो. माणूस आपल्या जिवापाड जपलेल्या वस्तू देऊन टाकतो. खूप दिवस उदास असलेला माणूस कधीकधी एकाएकी शांत होतो. मी वाचत होते. तिच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"परत वाचा, मावशी."

मी परत वाचलं.

"भाऊजींनी परवा सगळी हत्यारं देऊन टाकली," ती म्हणाली.

तिचा दीर घड्याळं दुरुस्त करायचा. त्याचं दुकान बंद पडलं तेव्हापासून तो वर्षभर खोलीबाहेर पडला नव्हता. मग महिन्यापूर्वी एका सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आला आणि म्हणाला, "वहिनी, मला गाडी शिकवा." सासूबाईंना आभाळ ठेंगणं झालं. मास्तरीणही खूश होती.

"पण मावशी, ते लायसन्सचं नावच काढत नाहीत. परवा मला विचारतात, 'वहिनी, तुमच्या बाजूचा हा ब्रेक सगळ्या गाड्यांना असतो का?' मी म्हटलं, छे, फक्त शिकायच्या गाडीला. तर म्हणाले, 'बरं आहे.' मी हसले हो! आणि रविवारी मित्राची गाडी घेऊन एकटेच टेकडीच्या रस्त्याला जाणार म्हणताहेत."

पुस्तिकेत पुढे लिहिलं होतं की संशय आला तर सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार कोणाच्या मनात नव्याने येत नाही. आणि माणसाला एकटं सोडू नका.

तिने आधी त्या मित्राला फोन करून गाडी द्यायची नाही असं बजावलं. मग सासूबाईंच्या कानावर घातलं. त्यांचा आवाज मला वर ऐकू आला.

"जिभेला काही हाड? पोरगा आत्ता कुठे माणसात आलाय, आणि तू त्याला असलं अभद्र विचारणार? तुझ्या विचारण्यानेच काही बरंवाईट झालं तर तोंड कुठे लपवशील?"

मास्तरीण वर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "खरंच माझ्यामुळे झालं तर?" आम्ही माझ्या फोनवरून शिक्षिकेला गाठलं. ती म्हणाली, "रविवारची वाट बघू नका. विचारा, आणि विचारल्यावर गप्प बसा. उत्तर हो आलं तर लगेच दवाखाना." तिने दवाखान्याचा नंबरही दिला.

त्या रात्री मास्तरणीने दिराच्या दाराबाहेर अंथरूण घातलं. आत उकडतं, असं सांगून.

घरात सासूबाईंचे कान. मग दोघं एकटी असतात ती जागा एकच, गाडी. "चालत्या गाडीत विचारू नकोस," मी तिला बजावलं. ती म्हणाली, "वेडी आहे का मी? मैदानावर गाडी उभी करायला लावेन आणि मग विचारेन."

शनिवारी सकाळी लाल गाडी गल्लीबाहेर पडली. मी खिडकी सोडली नाही. पुढचं तिने मला मागाहून सांगितलं ते असं.

मैदानाचं वळण आलं आणि भाऊजींनी ते घेतलंच नाही. गाडी सरळ टेकडीच्या रस्त्याला लागली.

"भाऊजी, मैदान मागे राहिलं."

"आज जरा लांब जाऊ, वहिनी."

मागे ट्रक होता, एकदम ब्रेक दाबायची सोय नव्हती. चढ लागला. ते दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोर बघत होते, आणि तोंडावर तीच शांतता. तिचा पाय ब्रेकला टेकला होता. आता नाही तर कधीच नाही, असं तिला वाटलं.

"भाऊजी, तुमच्या मनात जीव द्यायचा विचार आहे का?"

इंजिनाची घरघर तेवढी चालू. ट्रकने हॉर्न दिला, ओलांडून पुढे गेला. तिच्या जिभेवर शब्द नाचत होते, 'नाही ना? मला वाटलंच, मी आपली उगाच...' एवढं म्हटलं असतं की तेही नाही म्हणून मोकळे झाले असते. तिने दातांखाली ओठ धरला. एक वळण गेलं, दुसरं गेलं. पुढे कठडा दिसू लागला, आणि त्यांनी गिअर बदलला.

खालचा टाकला.

गाडी हळू झाली, कडेला गेली, थांबली. हँडब्रेकही त्यांनीच ओढला.

"हो," ते म्हणाले. "उद्या."

तिने हात पुढे करून किल्ली काढून घेतली. "सांगितलंत ते फार चांगलं केलंत. आता मी तुम्हाला एकटं सोडणार नाही. आपण इथून सरळ दवाखान्यात जाऊ."

"आईला काय सांगायचं?"

"आईंचं मी बघते."

तिने त्यांना आपल्या सीटवर बसवलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसली. गाडी सुरू केली. गचका देऊन बंद. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. अर्ध्या गावाला शिकवणाऱ्या बाईला स्वतःची गाडी सुरू करता येईना.

"वहिनी," भाऊजी हळूच म्हणाले, "क्लच."

तिला हसू फुटलं, मग त्यांनाही. त्यांचं हसणं कधी रडण्यात गेलं ते तिला कळलं नाही. तिने चहाचंही विचारलं नाही. त्यांचं रडणं त्यांच्या वेळेने थांबेपर्यंत बसून राहिली.

दवाखान्यात गर्दी नव्हती. डॉक्टरीणबाई दाराशी आल्या. समोर दोघं, दोघांचे डोळे सुजलेले, दोघांचे चेहरे पांढरेफटक.

"पेशंट कोण?" त्यांनी विचारलं.

मास्तरणीने तोंड उघडलं आणि मिटलं.

भाऊजींनी वर्गातल्या मुलासारखा हात वर केला. "मी," ते म्हणाले, आणि उठले.