फक्कीनं आखलेलं घर

वालूरच्या कट्ट्यावरच्या दोस्तांनो, आज दुपारीच घडलेलं लिहायलोय. चारचौघांत वाचून दाखवा.

माय अजून मामाच्या ओसरीत राहते. तिच्यासाठी मला घर बांधायचंय. आपल्या वस्तीत विजेची तार न्हाई, नळ न्हाई. म्हणून उजेड खिडकीतून घ्यायचा अन् छपरावरचं पावसाचं पाणी रांजणात. पण माय म्हणते, आपल्या एवढ्याशा जागेत घर होतंय व्हय?

आज जेवणाच्या सुट्टीत इथं पुण्याच्या बांधकामावर मी ते घर चुन्याच्या फक्कीनं खऱ्या मापात जमिनीवर आखलं.

मुकादम हसला, "घर हाय का कोंबड्याचं खुराडं?"

विटा वाहणारी सखूमावशी सरळ जाऊन चुलीच्या जागी बसली. "धूर कुठून जाईल रे? माय खोकून मरंल की तुझी!"

मी चूल खिडकीखाली सरकवली.

सुट्टी संपली. मावशी उठली अन् भिंतीची रेघ न ओलांडता, वळसा घालून दारातून बाहेर आली. मग मुकादम विसरलेलं खोरं घ्यायला आत शिरला. तोबी दारातूनच, अन् चौकट लागंल म्हणून मान वाकवून!

गड्यांनो, घर होतंय. माय दुपारची ओसरीत कोणत्या बाजूला तोंड करून बसते, तेवढं विचारून कळवता का? दार तिकडं ठेवतो.