पोरीचा पंचनामा

विमा म्हणजे काय, हे मला म्हशीनं शिकवलं. माझी शाळा तिसरीपर्यंत, तीही पावसाळा सोडून, पण विम्यातलं मला कळत होतं. म्हशीचा विमा उतरवला की जनावरांचा डॉक्टर येऊन तिच्या कानात बिल्ला मारतो. म्हैस मेली की गावातल्या जाणत्या माणसांनी येऊन बघायचं, पंचनामा लिहायचा, वाचून दाखवायचा, सह्या करायच्या आणि तो बिल्ला कोल्हापूरच्या हापिसात नेऊन टेबलावर ठेवायचा. माझी एक म्हैस अशी गेली आणि दीड महिन्यात चेक आला. कुणाला चहा पाजावा लागला नाही. तेव्हापासून मी गावभर सांगत सुटलो होतो की विमा उतरवा, कंपनी खोटं बोलत नाही.

त्यामुळं दोन हजार सालाच्या पुढं आमच्या दूध संस्थेनं सभासदांच्या घरच्यांचा आजारपणाचा विमा काढायचं ठरवलं, तेव्हा पहिली सही मी केली. हप्ता दुधाच्या बिलातून जायचा. कार्डावर आमचे तिघांचे फोटो होते. मी, बायको आणि आमची एकुलती एक पोरगी.

पोरगी तेव्हा दहावीला होती. अभ्यासात हुशार, आणि तोंडानं त्याहून हुशार. दिवाळीनंतर तिची झोप गेली. मग जेवण गेलं. मग बोलणं. दिवसभर उंबऱ्यावर बसून स्वतःच्या बोटांकडं बघत राहायची. आई वेणी घालायला गेली तर किंचाळायची. बायकोनं देवधर्म केला, मी आडवा आलो नाही. एक दिवस पोरगी उसाच्या फडात जाऊन बसली ती दिवस मावळताना सापडली. दुसऱ्या दिवशी मी तिला वडाप जीपमध्ये घातली आणि कोल्हापूरला डोक्याच्या डॉक्टरकडं नेली. त्यांनी गडहिंग्लजच्या पलीकडं एका माळावरच्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. तिथं राहूनच उपचार घ्यायचे होते.

तिथले डॉक्टर वयानं माझ्यापेक्षा लहान, पण बोलायला सरळ. म्हणाले, "तीन महिने लागतील. औषध लागू पडायला वेळ लागतो. पैशापायी किंवा लोकांपायी मधेच उचलून नेलीत, तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल."

"बरी हुईल न्हवं?"

"होईल. पण मधे न्यायची नाही."

मी शब्द दिला. पहिल्या महिन्याचं मी भागवलं. पुढच्या दोन महिन्यांसाठी कार्ड होतं की!

विम्याचं हापिस स्टेशन रोडला तिसऱ्या मजल्यावर. आत शिरलं की डाव्या हाताला जनावरांचं टेबल आणि उजव्या हाताला माणसांचं. माणसांच्या टेबलावर एक बाई बसायच्या. त्यांनी दवाखान्याचा कागद वाचला आणि माझ्याकडं परत सरकवला.

"काका, मानसिक आजार पॉलिसीत बसत नाही."

"बसत न्हाय म्हंजे? कार्डावर फोटो हाय की तिचा."

"मुलगी बसते. तिचा आजार बसत नाही."

"डोस्कं अंगात असतंय का अंगाबाहीर?"

"अंगातच असतं, काका."

"मग?"

"नियम मी केलेला नाही."

"ज्यानं केलाय त्याला बलवा."

"ते मुंबईला असतात."

"मग मी बसतो हितं. येऊ द्यात."

आणि बसलो. दुपारचे डबे उघडले, बंद झाले, तरी बसलो. शेवटी जनावरांच्या टेबलावरच्या माणसानं हाक मारली. मला तो म्हशीच्या वेळेपासून ओळखत होता. "पावणं, हिकडं या की! म्हशीचं काय काम असलं तर सांगा, आत्ता करून देतो." सगळं हापिस हसलं. मीपण हसलो. 

त्यानंतर मी किती खेपा घातल्या ते मोजलं नाही. दाखल केल्याचा कागद आणा. आणला. डॉक्टरचा दाखला आणा. आणला. रेशनकार्डाची झेरॉक्स आणा. तीही नेली. तेव्हा नवीनच निघालं. म्हणे त्या जागेला दवाखाना म्हणता येत नाही, ती राहण्याची सोय आहे, आणि विश्रांतीसाठी राहिलं तर पैसे मिळत नाहीत.

"इश्रांती?" मी म्हटलं. "बाई, माझी पोर तिथं इश्रांतीला गेलीया? मग मलाबी पाठवा. लई दमलोय मी."

बाई वाईट नव्हत्या. हे मला आज म्हणता येतं, तेव्हा म्हणवत नव्हतं. त्या म्हणाल्या, "काका, एक अर्ज करा. फाइल वर पाठवून बघते. काही पुरावा असला तर जोडा."

पुरावा हा शब्द ऐकला आणि मला वाट दिसली. यांना डॉक्टरचा कागद पटत नाही ना? मग पंचनामा देऊ. म्हशीला चालतो तो माणसाला का चालणार नाही? संस्थेचा सेक्रेटरी लिहिणार, आणि त्याच्यासकट पोलीस पाटील, सरपंच, चेअरमन सही करणार. गावच्या शिक्क्यापुढं मुंबईवाल्याची काय बिशाद!

नेमकी त्याच आठवड्यात गावची म्हाई आली. जत्रेसाठी म्हणून डॉक्टरांनी पोरीला चार दिवस घरी सोडलं. दीड महिन्यात तिच्यात फरक पडला होता. घरात आल्या आल्या तिनं दही मागितलं. आईकडून वेणी घालून घेतली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "आण्णा, मिशा रंगवल्यासा व्हय?" बायको चुलीपाशी तोंड फिरवून बसली.

मी रात्री बायकोला पंचनाम्याचं सांगितलं. ती म्हणाली, "अवं, पोरगी घरात असताना? मेलेल्या जनावराचा करत्यात तसला पोरीचा करतासा?"

"कागुद लागतोय. तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला न्हाय कळत. पर तिला कळतंय."

मी ऐकलं नाही. मी कुणाचं ऐकतोय?

सकाळी चौघं सोप्यात येऊन बसले. सेक्रेटरीनं जुन्या पंचनाम्याची नक्कल समोर ठेवूनच नवा लिहिला होता. तो खणखणीत आवाजात वाचायला लागला. "आम्ही खाली सह्या करणार पंच समक्ष पाहून लिहून देतो की, सदर मुलगी, वय सोळा, रंग गव्हाळ, खूण हनुवटीवर तीळ, हिचे डोके ठिकाणावर नसून…" आतल्या खोलीत पोरगी मेथी निवडत होती. मधे दाराला नुसता पडदा.

पोलीस पाटलांनी पेन हातात घेतलं आणि थांबले. "बघितल्याबिगर सही न्हाय करायची. म्हशीच्या वक्ताला बी बघूनच केल्ती."

मी हाक मारली. ती हात पुसत बाहेर आली आणि चौकटीला टेकून उभी राहिली.

पाटील लाडानं म्हणाले, "काय बाळ, वळखलंस का मला?"

"वळखलं की," ती म्हणाली. "म्हस मेल्ती तवा बी तुमीच आलतासा."

सोप्यात एकच हशा झाला. पाटलांनी पेन खाली ठेवलं. "आरं, ही तर तुझ्यापरास शानी हाय! हिला येडी म्हणून सही केली तर माझ्या तोंडात किडं पडतील." बाकीचेही मागं सरकले. चेअरमन तर चपला शोधायला लागला.

आणि माझं टाळकं सणकलं. इतके दिवस जिने झिजवले, अर्ज उद्या द्यायचा, आणि हे चालले! मी उठून ओरडलो, "येडीच हाय ती! मी बाप सांगतोय न्हवं! चार महिनं आमी भोगतोय, तुमास्नी काय ठावं हाय? येडी हाय, करा सही!"

माझा आवाज शिवारात या टोकाहून त्या टोकाला जाणारा. म्हाईचे दिवस, घराघरात पाहुणे. तीन गल्ल्यांना ऐकू गेलं असंल.

त्यांनी सह्या केल्या. खाली मान घालून, एकापाठोपाठ. ती सगळा वेळ चौकटीला टेकून उभी होती. चौथी सही झाल्यावर आत गेली आणि राहिलेली मेथी निवडली. त्यानंतर परत जाईपर्यंत ती कुणाशी बोलली नाही. दह्याची वाटी तशीच परत आली. बायको मला एवढंच म्हणाली, "झाल्या न्हवं सह्या?"

सह्यांच्या दुसऱ्या दिवशी मी तो कागद छातीशी धरून हापिसात गेलो. बाहेरच्या क्लार्कनं आवकचा शिक्का मारला. बाईंनी तो दोनदा वाचला. मग चष्मा काढला.

"काका, हे कशाला केलंत? तिला दवाखान्यात ठेवलंत तेव्हा पहिले आठ दिवस सलाईन होतं, अन्न जात नव्हतं म्हणून. तेवढे आठ दिवस तरी मी अशक्तपणात बसवायचं बघत होते. साहेब तयारही झाले होते. आता तुम्हीच चार सह्यांनिशी लिहून दिलंत की सगळं डोक्याचंच आहे."

"मग द्या परत त्यो कागुद."

"शिक्का पडलाय. आता तो फाइलला लागणार."

मी जनावरांच्या टेबलाकडं बघितलं. तो माणूस कागदात डोकं घालून बसला होता.  पंधरा दिवसांनी पोस्टानं नकाराचं पत्र आलं. आता म्हणे कायदा बदललाय, डोक्याचा आजारही विम्यात धरतात. धरत असतील. मला त्याचं काय कौतुक!

मेहुणा म्हणाला, पोरीला घरी आणा, गोळ्या घरीच द्या. मी नाही म्हटलं. शब्द दिला होता, आणि शब्द मी पाळतो, तेवढं एकच मला नीट येतं. दोन्ही दुभत्या म्हशी विकल्या आणि कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून उभा राहिलो. घरचं दूध बंद झालं म्हणून संस्थेनं सभासदाच्या यादीतून नाव काढलं, आणि त्याबरोबर ते कार्डही गेलं.

पण डॉक्टरांनी मला जे सांगितलं, ते पत्रापेक्षा लागलं. म्हणाले, "घरून आल्यापासून ती मागं गेली आहे. तिथं काय झालं?" मी सांगितलं. बापाच्या वयाच्या माणसाला कुणी बोलत नाही तसं ते मला बोलले, आणि मी ऐकून घेतलं. तीन महिन्यांचे पाच झाले.

तीन रविवार मी तिथल्या व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसून परत आलो. ती बाहेर यायची नाही. चौथ्या रविवारी आली. हातात वही होती, तिथं त्यांना रोज काहीतरी लिहायला लावायचे. माझ्यापासून हातभर अंतर ठेवून बसली. मी काय बोलायचं ते एस्टीत ठरवून आलो होतो. 

पण तीच आधी म्हणाली, "आण्णा, परत मी घरी आलो तर माणसं बलवणार?"

"न्हाय."

"नक्की?"

"न्हाय म्हटलं न्हवं."

"लिवून द्या."

मला आधी वाटलं थट्टा करतीय. बघितलं तर नव्हती. तिनं वहीचं पान उघडून पेन माझ्या हातात दिलं. मला लिहायची सवय नाही. सही सोडून मी वर्षानुवर्षं काही लिहिलं नव्हतं. एकेक अक्षर काढत मी लिहिलं, 'मी परत मानसं आननार नाही. तुला येडी म्हननार नाही.' दुसरी ओळ तिनं मागितली नव्हती. खाली सही केली.

तिनं वाचलं. चुका काढल्या नाहीत, एरवी काढल्या असत्या. पान फाडून चार घड्या घातल्या आणि ओढणीच्या टोकाला गाठ मारून त्यात ठेवलं.

"म्हशी बऱ्या हायत?" तिनं विचारलं.

मी सांगितलं, विकल्या. तिनं वही मिटली. मग जेवणाची घंटा झाली आणि ती उठली. दारापर्यंत गेली, वळली आणि म्हणाली, "फुडच्या रविवारी दही आणा."