मावशीचे जाड पापड

आमच्या घरात दोन शब्द रोज येतात आणि ओट्यावरच बसतात. एक भांडवलशाही, दुसरा समाजवाद. माझा नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करतो, तो समाजवादाकडून. दीर बी-बियाण्याचं दुकान चालवतो, तो भांडवलशाहीकडून. रविवारी सकाळी दोघं भाऊ पेपर मधून फाडून अर्धा-अर्धा घेतात आणि सुरू होतात. मी चौथी शिकलेली, त्यात चार माणसांत तोंड उघडायची लाज. त्यामुळे आतून ऐकते आणि जे बोलायचं राहतं ते इथं लिहिते. एवढं मात्र सांगते, भांडण कितीही पेटलं तरी चहा दोघांनाही जागेवरच लागतो. त्याबाबत दोन्ही पक्षांत एकमत आहे.

या उन्हाळ्यात ते दोन्ही शब्द ओट्यावरून उठले आणि थेट आमच्या पापडांत शिरले.

दर्यापूरला आमच्या गल्लीत पापड पाळीनं होतात. आज माझ्या घरी, उद्या तुझ्या. ज्या घरचे पापड, तिचं पीठ. बाकीच्या आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन येतात. मजुरी म्हणजे लाट्या. उडदाच्या पिठाचा वळा करायचा, दोऱ्यानं त्याचे तुकडे कापायचे, ती लाटी. ती तेलात बुडवून कच्चीच खायची. किती खायच्या ते कोणी पाहत नाही. शेजारची मावशी तर लाटते कमी आणि खाते जास्त. तिचे पापड जाड, भाजले तर मधून कच्चे राहतात. पण तिच्याइतक्या गल्लीतल्या बातम्या कोणाजवळ नसतात, म्हणून तिच्याशिवाय कोणाच्याच घरी पापड सुरू होत नाहीत. मुलं तिची पुण्याला. घरात ती आणि भिंतीवरचं घड्याळ.

यंदा माझ्या धाकट्या जावेनं, या दिराच्या बायकोनं, अमरावतीच्या एका दुकानाचं काम आणलं. पापड करून द्यायचे, मजुरी रोख. सगळ्या बाया खूश झाल्या. मीही झाले, खोटं कशाला लिहू? माझा हात चालतो, तोंड चालत नाही. नुसत्या हाताचे पैसे मिळतील असं काम मला पहिल्यांदाच दिसलं होतं.

पहिल्या दिवशी जावेनं तिच्या ओट्यावर बसवून दोन गोष्टी सांगितल्या. "लाट्या खायच्या नाहीत, माल दुकानाचा हाय. अन ज्याच्या पापडाचं जेवढं वजन, तेवढी त्याची मजुरी."

"वजन?" मावशीनं विचारलं.

"हो मावशी, वजन."

मावशीनं मान डोलावून पहिली लाटी पोळपाटावर घेतली. मावशी एवढ्यावर थांबली की काहीतरी होतं, हे मला माहीत होतं.

संध्याकाळी दिराच्या दुकानातून आणलेल्या काट्यावर एकेकीचे पापड चढले. माझे पातळ पापड मोजायला कितीतरी जास्त, पण काटा जेमतेम हलला. मावशीचे मोजके, पण काटा दणकन खाली. सगळ्यात जास्त मजुरी मावशीची.

"मावशी, हे पापड हायेत का भाकरी?" जाऊ म्हणाली.

"तूनंच तं वजन म्हनलं माय. मी काय पातळ म्हनलं का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्याच जाड लाटायला लागलो. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. एकमेकींकडे न पाहता, मान खाली घालून, सगळ्या जाड. जावेनं दुपारी एक पापड उचलला आणि कपाळाला हात लावला. "हे दुकानदार माया डोक्यात मारंल! उद्यापासून मोजून. जेवढे पापड, तेवढी मजुरी."

मग पापड लहान व्हायला लागले. सकाळी तळहाताएवढे होते, दुपारी पुरीएवढे, आणि चार वाजता बाजेवरच्या लुगड्यावर जे वाळत होतं त्याला पापड म्हणायची मला तर लाज वाटली. मावशीनं त्यातला एक उचलून कपाळाला लावून पाहिला. "टिकली म्हून चालंल वो हे." आम्ही इतक्या हसलो की लाटणी हातातून सुटली.

जाऊ मात्र हसली नाही. पुढच्या दिवशी सकाळीच स्टीलच्या डब्याचं झाकण घेऊन ती आमच्यात येऊन बसली. झाकणाएवढाच पापड, आणि उन्हाकडे धरला की उजेड दिसला पाहिजे. नाहीतर बाजूला. आता पळवाट राहिली नाही. माझी गाडी सुसाट निघाली. मावशीची अडली. तिचा हात थरथरतो. जाड जमतं, पातळ करायला गेली की फाटतं. दिवसभरात तिचे मोजके पापड पास झाले.

जावेनं लाटणी धुताना हळूच म्हटलं, "मावशी, तुमी उद्यापासून आराम करा."

मावशी म्हणाली, "आराम मी घरी लय करतो बाई. इथं मी कामाले येतो."

बाकीच्या आपापली पोळपाटं पुसायला लागल्या. चार माणसांत बोलायची मला सवय नाही. तरी म्हटलं, "बसू दे न वो मावशीले. नुसतं बसू दे."

सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. कपाटाला वाचा फुटली असं त्यांना वाटलं असावं.

"बाई, तुमी म्हनता तं बसू देतो," जाऊ म्हणाली. "पन त्या बोलतात अन बाकीच्यांचे हात थांबतात. दुकानदार काय त्यायचा जावई हाय का?"

मावशीनं पोळपाट काखेत मारलं आणि गेली. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

दुसरा दिवस रविवार. ओट्यावर तोच विषय.

दीर म्हणाला, "संधी सगळ्यायले सारखीच भेटली. पीठ सारखं, झाकन सारखं."

नवरा म्हणाला, "अन हात? हात सारखे होते का बे?"

"मंग काय हात पाहून पैसे वाटाचे? दुकान बंद पडन एका दिवसात."

"पडू दे. मानूस तं बसंल न घरात चार मान्सायच्या."

मी चहा ठेवला आणि हळूच म्हटलं, "एवढं वाटते तं तुमी दोघं जाऊन बसा न मावशीपाशी घडीभर." दोघांनीही एकदम कप तोंडाला लावले.

शेवटी मीच गेले. वाटीत घरच्या पिठाच्या चार लाट्या घेतल्या, वर तेल सोडलं. मावशी रडत असेल, आपण काय बोलायचं, हे वाटेनं दोनदा घोकलं. दाराला कुलूप होतं. म्हातारी गेली कुठं?

मी पायरीवर बसून राहिले. बऱ्याच वेळानं गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली आणि डायव्हरशेजारच्या सीटवरून मावशी उतरली. हातात रिकामी पिशवी.

"काहून बसली इथं तोंड पाडून? कोन मेलं?"

"तुमी कोठी गेल्ता?"

"अमरावती रोडवरच्या ढाब्यावर. माये पापड दाखवाले." तिनं वाटीतली एक लाटी उचलून तोंडात टाकली. "त्यायच्या मसाला पापडावर कांदा पडला का पापड मधून खाली बसते. माया पापड त्यानं तळला, वर कांदा टाकला, टमाटर टाकलं, मंग हातानं दाबून पाह्यलं. बसला नाही. म्हने आजी, पायजे तेवढे आना, वजनावर घेतो."

मंगळवारी मावशीच्या ओट्यावर चटई पडली. पातळ लाटणं ज्यांना जड जात होतं त्या तिघी जावेकडून उठून तिच्याकडे गेल्या. माझ्या नवऱ्याला फार आनंद झाला. कामावर जाता जाता मुद्दाम थांबून त्यानं विचारलं, "मावशी, तुमच्याकडे तं सगळ्यायले सारखं असंल?"

"सारखं कशाले? जो जास्त लाटंल त्याले जास्त," मावशी म्हणाली. "अन लाटी एकच खायाची. मालक मी हावो न आता."

दीर हे ऐकून दुकानाच्या गल्ल्यावर बसून एकटाच हसत होता म्हणे.

दुपारी मीही माझं पोळपाट घेऊन मावशीच्या ओट्यावर गेले. जावेकडे मजुरी बरी पडत होती, पण मावशीच्या गोष्टींशिवाय दिवस जात नव्हता. शिवाय मी तिच्यासाठी चारचौघींत बोलले होते. मला वाटलं, ती मला स्वतःशेजारी बसवून घेईल. तिनं बसवलंही. मी एक पापड लाटला. मावशीनं तो दोन बोटांत धरून उन्हाकडे केला.

"हे पाय, यातून रस्ता दिसते, त्यावरचं कुत्रं दिसते. हे नाही चालनार माय इथं."

"मावशी, मी जाड लाटून पाहतो न."

मी मुद्दाम लाटणं हलकं ठेवलं, तरी झाकणाची सवय लागलेला हात आपोआप सरकत गेला आणि पापड पुन्हा पातळ. तिसराही तसाच. चटईवरच्या तिघी पदरात तोंड घालून हसायला लागल्या.

मावशीनं माझ्या हातातून लाटणं काढून घेतलं, पण वाईट नाही बोलली. "तू मायासाठी बोलली हे मले माहीत हाय. ढाब्यावाल्याले ते सांगून काय करू? जाय, जावेकडे बस. संध्याकाळी ये, गोष्टी फुकट सांगतो."

मी पोळपाट काखेत मारून निघाले. समोरच्या ओट्यावरून जावेनं सगळं पाहिलं होतं. ती झाकण हलवत ओरडली, "या बाई, या! इकडे पातळच लागते!"

भर गल्लीत, दोन्हीकडून बाया पाहत असताना, मला मोठ्यानं हसू आलं.